घरी थांबलेल्या मुलाचा रक्तदाब

उच्च रक्तदाबाच्या नवीन पेशंटला मी काही ठरलेले प्रश्न विचारतो. जेवणात मीठ किती, लोणचं-पापड रोज लागतं का, झोप किती, घोरता का, तंबाखू, दारू, अंगदुखीच्या गोळ्या, घरात आणखी कोणाला बीपी आहे का. शेवटी विचारतो, "काही ताण वगैरे?" बहुतेक जण म्हणतात, "नाही हो डॉक्टर, तसं काही नाही." मग चिठ्ठी लिहून झाली की उठता उठता खरं ते बाहेर पडतं. जावेनं आईचे दागिने नेले, बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद आहे, मुलगा फक्त सुनेचं ऐकतो.

तीन वर्षांपूर्वी मला कोणी हे विचारलं असतं तर मीही तेच उत्तर दिलं असतं. मला कसला ताण?

त्या वर्षी एका सकाळी बायकोनं सहज माझं बीपी मोजलं. १५४/९८. मी म्हणालो, मशीन बिघडलंय. तिनं स्वतःचं मोजलं, ११८/७६. मग मी पेशंटला सांगतो तेच स्वतः केलं. सात दिवस, सकाळी आणि रात्री, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर टेकवून, प्रत्येक वेळी दोनदा मोजायचं. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर रक्तदाब वाढलेला समजायचा. माझी १४८/९२ आली. वजन ठीक, साखर ठीक, तंबाखू-दारू कधीच नाही. वडिलांना बीपी होतं, तेवढा वारसा. एका फिजिशियन मित्राला दाखवलं. त्यानं अ‍ॅम्लोडिपिन सुरू केली आणि विचारलं, "झोप कशी आहे?" पहाटे तीनला जाग येते म्हणालो. "मग काय करतोस?" विचार करतो. "कसला?" असाच, म्हणालो.

असाच नव्हता. रोज पहाटे तीन वाजता माझ्या डोक्यात कोर्ट भरायचं. आरोपी माझा धाकटा भाऊ. वकील मी, साक्षीदार मी, न्यायाधीशही मीच. आणि निकाल रोज माझ्याच बाजूनं लागायचा.

आमचं घर नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. पप्पा मिशनच्या शाळेत शिक्षक होते, चर्चमध्ये वडीलही होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरू लागला, अक्षर बारीक होत गेलं, आणि पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. हा आजार घरात असला म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळतं. लेव्होडोपाची गोळी वेळेवर आणि शक्यतो जेवणाआधी द्यावी लागते, कारण प्रथिनांबरोबर ती नीट शोषली जात नाही. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात. पुढे गिळायला त्रास होतो, ठसका लागतो. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पप्पांच्या पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नाही. हे वाक्य मी लोकांना फार वेळा सांगितलंय.

भाऊ या अकरा वर्षांत सुरतेला होता. धंदा काढला, बुडाला, पुन्हा काढला. पप्पांच्या फंडातले पैसे त्यात गेले ते गेलेच. वर्षातून एकदा नाताळला यायचा, दोन दिवस राहायचा. पैसे पाठवले नाहीत. आई वारली तेव्हा तिसऱ्या दिवशी पोहोचला.

पप्पांचे शेवटचे आठ दिवस मात्र तो होता. न्यूमोनिया झाला होता, मी दवाखाना आणि घर अशा फेऱ्या मारत होतो. तो उशाशी बसायचा, पप्पांचा हात हातात घेऊन 'उपासना संगीता'तली टिळकांची भजनं म्हणायचा. पप्पांना बोलता येत नव्हतं, पण ओठ हलायचे. नवव्या दिवशी पहाटे ते गेले.

स्मरणाच्या उपासनेत पाळकसाहेब बोलले. धाकट्या मुलानं शेवटच्या क्षणापर्यंत बापाची सेवा केली, असं म्हणाले. मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. मी पहिल्या बाकावर बसलो होतो. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, एवढं आठवतं. चहाच्या वेळी भाऊ जवळ आला, "दादा" म्हणाला, आणि मी पाठ फिरवून ताटं मोजायला गेलो. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

गावाकडे वीस गुंठे जमीन आहे. तिच्यावर वारस नोंद करायची होती. अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं माझ्या कपाटात होतं. भावाला पैशांची अडचण आहे हे मला नातेवाइकांकडून कळलं होतं. कागद मी कपाटातच ठेवले. कोणी विचारलं तर म्हणायचो, "वेळ मिळत नाही हो."

कपाटात आणखी एक गोष्ट होती. निळ्या पुठ्ठ्याची वही. पप्पांच्या आजाराच्या सुरुवातीला मी औषधांच्या खर्चाची नोंद ठेवायला ती केली होती. नंतर त्यात डायपर, हवेची गादी, रात्रीच्या बाईचा पगार, अ‍ॅम्ब्युलन्स, सगळं लिहीत गेलो. पप्पा गेल्यावर वही बंद व्हायला हवी होती. मी मात्र अधूनमधून ती काढून बेरीज करायचो. कोणाला दाखवणार होतो, देव जाणे.

आता थोडं डॉक्टरकीचं. राग येतो तेव्हा अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात येतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आखडतात, दाब वाढतो. हे शरीराचं जुनं आणि उपयोगी यंत्र आहे. समोर साप असेल तर ते लागतंच. साप गेला की यंत्र थंड होतं. पण माणसाला साप आठवूनही तेच होतं. २०२४ साली अमेरिकेत २८० निरोगी प्रौढांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना राग आणणारा एखादा प्रसंग आठ मिनिटं आठवायला सांगितलं. फक्त आठवायला. त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता कमी झाली, आणि तो परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. त्याआधी २००१ मध्ये ७१ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्यानं दुखावलं त्या माणसाविषयीची अढी मनात घोळवताना नाडी, रक्तदाब, घाम आणि कपाळावरच्या आठ्या वाढलेल्या दिसल्या. त्याच माणसाला क्षमा करतोय अशी कल्पना करताना त्या तुलनेनं कमी राहिल्या. १९९५ मध्ये हार्ट अटॅकमधून वाचलेल्या १,६२३ पेशंटच्या मुलाखतींवरून असं दिसलं, की रागाच्या तीव्र झटक्यानंतरच्या दोन तासांत अटॅकचा धोका दुपटीहून थोडा अधिक असतो. घाबरू नका, एका वेळचा धोका मुळात लहान असतो आणि लहानाची दुप्पट लहानच. पण रोजचा हिशेब वेगळा. एरवी झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरतो, हृदयाला तेवढीच विश्रांती मिळते. माझं हृदय पहाटे तीनला वकिली करत होतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. पेशंटला मी सांगतही होतो, "सोडून द्या हो मावशी, आपल्या तब्येतीसाठी तरी सोडा." मावश्या मान हलवायच्या आणि काही सोडायच्या नाहीत. का सोडत नाहीत, ते मला माझ्यावरून कळलं. माझ्या रागाला मी राग म्हणतच नव्हतो. मी त्याला न्याय म्हणत होतो. चूक भावाची होती, खरोखरच होती. माझी बाजू बरोबर होती. जो बरोबर आहे तो काय सोडणार?

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आम्हा ख्रिस्ती लोकांना इतका पाठ असतो की ऐकूच येत नाही. संडे स्कूलमध्ये नाटक बसवतात तेव्हा उधळ्याचं काम मिळावं म्हणून मुलं भांडतात. डुकरांच्या मागे धावायला मिळतं ना. थोरल्या भावाचं काम कोणालाच नको असतं, त्यामुळे ते ज्याला संवाद पाठ होत नाहीत त्याला देतात. एका रविवारी त्याच पाठावर उपदेश होता. पाळकसाहेब नवीन होते, त्यांना आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी थोरल्याविषयी बोलायला सुरुवात केली. तो शेतातून घरी येतो, आत गाणं-बजावणं चाललंय, हा अंगणात उभा. बापाला म्हणतो, इतकी वर्षं राबलो, मला कधी साधं करडूही मिळालं नाही. आणि भावाचा उल्लेख करताना तो 'माझा भाऊ' म्हणत नाही, बापालाच तुझा मुलगा असं म्हणतो. पाळकसाहेब म्हणाले, याच्याकडे करडांचा हिशेब आहे बघा.

मला निळी वही आठवली.

येशूनं हा दाखला कोणाला सांगितला, हेही मी त्या दिवशी नीट ऐकलं. उधळ्यांना नव्हे. तो पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना. म्हणजे नीट वागणाऱ्या, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या लोकांना. त्याच लूकमध्ये पुढे मंदिरात प्रार्थना करणारा परूशी आहे. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दहावा भाग दान. लॅबचा रिपोर्ट वाचावा तसा तो देवाला आकडे वाचून दाखवतो, सगळे नॉर्मल. आणि त्यातला एकही आकडा खोटा नाही, ही खरी पंचाईत आहे. माझ्याही वहीत एक पैसा खोटा नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर मोठ्या मनानं बायकोला म्हणालो, "मी त्याला माफ करायचं ठरवतोय. अकरा वर्षं मी पप्पांचं सगळं केलं, त्यानं काही केलं नाही, पण जाऊ दे."

ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "अहो, त्या वहीत माझं नाव कुठंय?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, "रात्रीच्या बाईचा पगार लिहिलाय. दिवसा कोण होतं? सहाव्या वर्षी मी शाळेची नोकरी सोडली, ती कुठल्या पानावर आहे?"

पप्पांच्या पाठीला जखम झाली नाही, हे मी लोकांना सांगत आलो. दर दोन तासांनी कूस बदलणारे हात तिचे होते. मी दवाखान्यात असायचो. संध्याकाळी येऊन मी पाठ तपासायचो, शाबास म्हणायचो बहुधा, किंवा तेही म्हणायचो नाही. पप्पा मला "बस की जरा" म्हणायचे तेव्हा मी घड्याळाकडे बघायचो, "येतो पप्पा" म्हणून निघायचो. अकरा वर्षांत मी त्यांच्याजवळ बसून एक भजन म्हटल्याचं आठवत नाही. मी त्यांचा डॉक्टर होतो, उत्तम डॉक्टर होतो. आणि भाऊ आठ दिवस बसला, याचा मला जो राग होता त्यात, आता सांगायला हरकत नाही, थोडा मत्सर होता.

त्या संध्याकाळी मी बायकोची क्षमा मागितली. लगेच मिळाली असं नाही. "बघू," म्हणाली. दोन-तीन आठवडे आमच्या घरात फार शांतता होती. त्या काळात मला पहिल्यांदा कळलं, की आपण अंगणात उभे राहून दुसऱ्याला आत घेण्याच्या गोष्टी करतो तेव्हा आपण स्वतः बाहेर असतो. प्रभूच्या प्रार्थनेत आपली क्षमा आणि दुसऱ्याला केलेली क्षमा एकाच वाक्यात बांधलेली आहे, ते मी लहानपणापासून म्हणतोय. त्यातला पहिला अर्धा भाग मला लागू आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ख्रिस्ती. क्षमेवर संशोधन करत असतानाच, १९९५ च्या शेवटच्या रात्री त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला. त्यांची पद्धत पाच पायऱ्यांची आहे. झालेली इजा न टाळता आठवायची, समोरच्याच्या जागी उभं राहून बघायचं, क्षमा ही देणगी म्हणून द्यायची, तसं ठरवल्याचं लिहून किंवा कोणाला सांगून पक्कं करायचं, आणि पुन्हा राग उसळला तरी त्या निर्णयाला धरून राहायचं. या पद्धतीच्या कार्यपुस्तिकेची पाच देशांत साडेचार हजारांहून अधिक लोकांवर चाचणी झाली. दोन-तीन तासांचं काम, पण ज्यांनी ते केलं त्यांच्या मनातली अढी, उदासी आणि चिंता कमी झाली. मला यातली तिसरी पायरी सर्वांत जड गेली. देणगी द्यायची तर आधी आपल्यालाही कधी फुकट काहीतरी मिळालंय, हे आठवावं लागतं. बायकोचं "बघू" संपून एका रात्री तिनं माझ्यासमोर चहा ठेवला, तो मला आठवायला पुरला.

भावाला फोन केला. वारस नोंदीचे कागद तयार आहेत, ये, असं सांगितलं. इतके दिवस मी ते मुद्दाम अडवून ठेवले होते, हेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला ठाऊक होतं." पुढे म्हणाला, "मी यायला हवं होतं. पप्पांना तसं बघवत नव्हतं मला." मला वाटलं होतं की हे ऐकून माझं मन भरून येईल. तसं झालं नाही. बघवत नव्हतं म्हणे, आम्हाला काय बघायची हौस होती, असं लगेच मनात आलं. ते मी बोललो नाही, एवढंच. पाचवी पायरी पहिल्या फोनलाच लागली.

तलाठी कार्यालयात आम्ही दोघं गेलो, अर्ज दिला, बाहेर टपरीवर चहा घेतला. पैसे त्यानं दिले. फंडातले पैसे त्यानं परत केलेले नाहीत आणि करेल असं वाटत नाही. त्या नुकसानीला मी नुकसानच म्हणतो. क्षमा केली म्हणजे झालं ते बरोबर होतं असा तिचा अर्थ नाही. आणि ज्यांना घरात मारहाण होते, ज्यांना धमकावलं जातं, त्यांना मी हा लेख दाखवून "सोडून द्या" म्हणणार नाही. त्यांनी आधी सुरक्षित जागी जायचं, मदत घ्यायची. क्षमा केली तरी पुन्हा त्याच माणसाच्या हाताखाली जाऊन राहायलाच हवं असं कुठंही लिहिलेलं नाही.

माझी गोळी बंद झालेली नाही, हेही सांगतो, कारण पेशंट लगेच विचारतात. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम रोज रात्री चालू आहे. मन हलकं झालं म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पहाटेची जाग अजून येते, आठवड्यातून एखाद वेळ. कधी कधी कोर्टही भरतं, पण वकील फार तयारी करून येत नाही.

निळ्या वहीची मागची चाळीसेक पानं कोरी होती. बायकोनं त्यात आमच्या दोघांच्या बीपीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केलीय.

गेल्या नाताळला भाऊ आला, चार दिवस राहिला. चर्चमधून आल्यावर त्याचं मोजलं तर १५०/९६. त्याला सांगितलं, घरी गेल्यावर मशीन घे, सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोज आणि आकडे पाठव. चार दिवसांचे आले. तीन दिवसांचे अजून यायचेत. काल पुन्हा फोन केला, "मोजतो रे दादा" म्हणाला.